रात्रीची भूक आणि दिवसाची वाटी

पावडरच्या दुधावर वाढणारे मूल सहा महिन्यांचे झाले, की काही वेळा रात्री वारंवार भुकेने उठू शकते. डबा लवकर संपू नये म्हणून काही घरांत दुधात पाणी वाढविले जाते. त्याने पोट भरते, परंतु पोषण होत नाही व बाळ लवकरच पुन्हा जागे होते. पावडर अधिक घालणेही अपायकारकच. डब्यावरील प्रमाण काटेकोरपणे पाळावे.

या वयात केवळ दूध अपुरे पडते, म्हणून रात्रीच्या भुकेचा उपाय दिवसाच्या आहारात शोधावा. गोमंतकीय घरांत भरविली जाणारी पेजेची निवळ सत्त्वहीन असते. त्याऐवजी चमच्यावरून न ओघळणारा, तूप घातलेला मऊ वरणभात, नाचणीचे सत्त्व किंवा कुस्करलेले केळे दिवसातून 2 ते 3 वेळा, नवव्या महिन्यापासून 3 ते 4 वेळा द्यावे.

रात्री दूध द्यावेच लागल्यास उकळून किंचित निवलेल्या पाण्यात ते ताजे करावे, कोमट झाल्यावर स्वच्छ वाटी-चमच्याने पाजावे व उरलेले टाकून द्यावे. बाटली तोंडात ठेवून झोपविल्याने कोवळे दात किडतात. एवढे करूनही वजन वाढत नसेल, तर बाळास विनाविलंब प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे.