बुकमार्क केलं एक, उघडलं भलतंच! असं का होतं?

रात्री झोपण्याआधी तुम्हाला एका वेबसाइटवर उकडीच्या मोदकांची छान रेसिपी सापडते. ‘उद्या करू’ म्हणून तुम्ही ती बुकमार्क करता आणि बहिणीलाही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता. सकाळी गॅसवर पाणी ठेवून बुकमार्क उघडता, तर समोर येतं वेबसाइटचं पहिलं पान! तेवढ्यात बहिणीचा मेसेज येतो, “अगं, यात मोदक कुठे आहेत?”

मोदकांचं एक वेळ निभावेल. पण ते पान शिष्यवृत्तीच्या अर्जाचं असेल आणि आज शेवटची तारीख असेल तर? अशा वेळी आपल्याला वाटतं, आपणच काहीतरी चुकीचं दाबलं. घरातल्या आजी-आजोबांना तर हमखास तसं वाटतं. खरं तर बहुतेक वेळा चूक ना तुमची असते, ना फोनची. ती असते वेबसाइटच्या सेटिंगमध्ये.

दार एकच, खोल्या अनेक

लखनौच्या बडा इमामबाड्यातली भूलभुलैया तुम्ही पाहिली असेल किंवा तिच्याबद्दल ऐकलं असेल. नवाब आसफउद्दौला यांनी १७८४ मध्ये या इमामबाड्याचं काम सुरू केलं. भूलभुलैयात ४८९ एकसारखी दारं आहेत असं सांगितलं जातं. एखादा कोपरा आवडला, तरी उद्या थेट तिथेच जाता येईल याची खात्री नाही, कारण कोणत्याच दारावर नंबर नाही. पुन्हा मुख्य दारापासून सुरुवात करायची!

काही वेबसाइट अशाच असतात. आत पानं शंभर, पण वरच्या पट्टीत पत्ता कायम एकच. बुकमार्क म्हणजे तरी काय? त्या पट्टीतला पत्ता फोन लिहून ठेवतो, बस्स. पट्टीत फक्त मुख्य दाराचा पत्ता असेल, तर फोन तुम्हाला तिथेच नेऊन सोडणार.

हे घडतं कसं?

समजा, लखनौमधल्या एखाद्या मराठी मंडळाने गणेशोत्सवासाठी वेबसाइट केली. वेबसाइट ठेवली एका फुकट जागेवर. तिचा पत्ता लांबलचक. मग मंडळाने स्वतःचं छोटंसं नाव, म्हणजे डोमेन, विकत घेतलं. आता हे नाव त्या जागेशी जोडायचं कसं?

सोपा वाटणारा मार्ग म्हणजे ‘फॉरवर्डिंग’ आणि त्यासोबत ‘मास्किंग’. यात डोमेनवर एक रिकामी चौकट ठेवली जाते आणि खरी वेबसाइट त्या चौकटीच्या आत दिसते. तुम्ही आरतीच्या वेळा पाहा, वर्गणीचं पान उघडा की जुने फोटो चाळा. बदल होतो तो चौकटीच्या आत. वरचा पत्ता जागचा हलत नाही. मंडळाला वाटतं, आपलं नाव किती छान दिसतंय! पण ‘आरतीच्या वेळा’ हे पान कुणालाच पाठवता येत नाही.

भातखंड्यांनी काय केलं?

लखनौचं आणि आपलं एक जुनं नातं आहे. पंडित विष्णू नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ मध्ये तिथे मॅरिस कॉलेज हे संगीत विद्यालय सुरू झालं. आज ते भातखंडे यांच्याच नावाने विद्यापीठ म्हणून ओळखलं जातं. भातखंड्यांनी रागांची दहा थाटांत मांडणी केली आणि अनेक बंदिशी स्वरलिपीत लिहून ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत छापल्या. त्यामुळे भाग, राग आणि बंदिशीचे पहिले शब्द सांगितले, की पुण्यातला विद्यार्थी असो वा लखनौमधला, दोघंही नेमक्या त्याच पानावर पोहोचतात. वेबसाइटच्या प्रत्येक पानालाही असाच स्वतःचा पत्ता हवा.

तुमची वेबसाइट असेल तर

घरगुती मसाले, क्लास, सोसायटी, मंडळ. वेबसाइट कशाचीही असो, ती बनवणाऱ्याला एवढं सांगा:

- मास्किंग बंद करा. डोमेनच्या डीएनएस सेटिंगमध्ये ‘ए रेकॉर्ड’ किंवा ‘सीनेम’ भरून नाव थेट सर्व्हरशी जोडा.
- सर्व्हरच्या बाजूलाही हे डोमेन नोंदवा. एका सर्व्हरवर अनेक वेबसाइट राहतात. कोणत्या नावाला काय दाखवायचं हे त्याला माहीत हवं.
- वर्डप्रेस असेल तर ‘साइट अ‍ॅड्रेस’मध्ये नवं डोमेन टाका आणि ‘परमालिंक’मध्ये वाचता येईल असा पत्ता निवडा.
- पानाचा पत्ता बदलावाच लागला, तर जुन्या पत्त्यावरून नव्यावर ‘३०१ रीडायरेक्ट’ लावा. तोही पानागणिक, सगळ्यांना पहिल्या पानावर पाठवू नका.

वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच लिहून ठेवलं होतं, की चांगले पत्ते बदलत नाहीत. तुमचा पत्ता कुणाच्या फोनमध्ये जपलेला आहे, हे तुम्हाला कधीच कळत नाही.

तुम्ही वाचक असाल तर

- पान सेव्ह करण्याआधी वरची पट्टी पाहा. डोमेननंतर तिरकी रेघ आणि पुढे काही मजकूर असेल, तर पानाला बहुधा स्वतःचा पत्ता आहे.
- पत्ता बदलत नसेल, तर आधीच्या पानावर जा. हव्या त्या लिंकवर बोट दाबून धरा आणि ‘नवीन टॅबमध्ये उघडा’ निवडा. पुष्कळदा चौकट सुटते आणि खरा पत्ता दिसतो. तो बुकमार्क करा.
- लिंक पाठवण्याआधी इनकॉग्निटो टॅबमध्ये उघडून पाहा. तिथे नेमकं पान उघडलं, तर समोरच्यालाही बहुधा तेच दिसेल.
- मराठी शब्द असलेली लिंक कॉपी केल्यावर टक्क्याच्या चिन्हांची लांब माळ दिसते का? घाबरू नका. ‘लखनौ’ एवढ्याशा शब्दाची अशी ३६ चिन्हं होतात! लिंक बिघडलेली नसते. फक्त मधूनच तोडू नका.
- फारच महत्त्वाचं पान असेल, तर पीडीएफ करून ठेवा. वेबसाइटच बंद पडली, तर बुकमार्क काय करणार?

आज एक करून पाहा. आई-बाबांच्या किंवा आजीच्या फोनमधले बुकमार्क त्यांच्यासोबत बसून उघडा. जे मुख्य दारातच अडकतात, त्यांचे खरे पत्ते शोधून द्या. आणि त्यांना आवर्जून सांगा, “तुम्ही चुकीचं काही दाबलं नव्हतं.”