यादी रोज नवी, खातेदार मात्र जुनाच

मसूद अझहरचं नाव संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंध यादीत आलं ते १ मे २०१९ रोजी. महाराष्ट्र दिन, बँकांना सुट्टी. दुसऱ्या दिवशी पुसद किंवा आर्णीच्या शाखेतल्या संगणकात यादी नवी होती की जुनी? प्रश्न हास्यास्पद वाटेल, कारण अझहर काही पुसदला बचत खातं काढायला येणार नव्हता. पण रिझर्व्ह बँकेचा आजचा नियम यवतमाळच्या सहकारी बँकेला आणि मुंबईतल्या परदेशी बँकेला एकच आहे: याद्या रोज तपासा, वाढलेली, वगळलेली, दुरुस्त झालेली नावं लक्षात घ्या.

नावं वगळलीही जातात. अफगाणिस्तानचे गुलबुद्दीन हिकमतयार २०१७ मध्ये यादीतून बाहेर पडले. रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेला दाऊद २००३ पासून यादीत आहे, पण २०१६ मध्ये त्याच्या नोंदीतले काही पत्ते चुकीचे म्हणून काढले गेले. त्यामुळे नवा खातेदार आला की सगळी यादी चाळायची आणि यादी बदलली की सगळे जुने खातेदार.

खरी अडचण पुढे आहे. ‘शेख’ हे आडनाव इंग्रजीत चार तऱ्हांनी लिहितात, म्हणून सॉफ्टवेअर मिळतंजुळतं नावही पकडतं आणि अलर्ट देतं. मग माणूस वेगळा आहे हे ठरवायचं वडिलांच्या नावावरून आणि जन्मतारखेवरून. आपल्याकडे निम्म्या म्हाताऱ्यांची जन्मतारीख गुरुजींनी शाळेत घालताना लिहिलेली, १ जुलै नाहीतर १ जून. काहींच्या आधारवर नुसतं सालच. निर्बंध यादीतही कित्येकदा अंदाजे सालच असतं. दोन्हीकडे अर्धवट माहिती असली की उमरखेडचा साधा खातेदार भलत्याच्या नावाने अडकतो. चुकून खातं गोठलंच, तर त्याचा अर्ज बँकेने दोन कामकाजाच्या दिवसांत पुढे पाठवायचा असतो. तोवर पेरणी कुणासाठी थांबत नाही.

ताज्या यादीसाठी बँका पैसे मोजतात. खातेदाराच्या नोंदीकडे मात्र दुर्लक्ष होतं, असं माझं मत. कमी जोखमीच्या ग्राहकाची केवायसी दहा वर्षांतून एकदा नवी केली तरी नियमात बसते, आणि आपला शेतकरी बहुधा त्याच गटात.

अलर्ट बंद करताना ‘वडिलांचं नाव वेगळं’ असं कारण लिहून ठेवलं, तर तोच माणूस पुन्हापुन्हा अडत नाही. पण यादीतली ती नोंद बदलली, की जुनं कारण चालत नाही. नव्या नोंदीशी पुन्हा ताडून पाहावं लागतं.