येशूचे ईश्वरत्व : प्रमाणे कोणती, आक्षेप कोणते?

खराडी : येशू थोर उपदेशक होता, हे अनेकांना मान्य असते, पण तो ईश्वर कसा, हा प्रश्न उरतोच. खराडीच्या पूर्वेस, दौंड तालुक्यातील केडगाव येथे मुक्ती मिशन चालविणाऱ्या पंडिता रमाबाईंनाही तो पडला होता. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यानंतरही, ईश्वर एकच असताना येशूला ईश्वर का म्हणावे, असा वाद त्यांनी सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून घातला.

ख्रिस्ती पक्षाची मुख्य प्रमाणे तीन. पहिले, येशूने पापांची क्षमा केली. हा अधिकार केवळ ईश्वराचा, असे तेव्हाच्या शास्त्र्यांनीच आक्षेपाने म्हटल्याचे मार्कच्या शुभवर्तमानात आहे. दुसरे, शिष्य थोमाने त्याला देव म्हटले, तेव्हा त्याने ते नाकारले नाही. तिसरे, पुनरुत्थान. इ. स. ३२५ मध्ये निकियाच्या धर्मसभेने येशू पित्याशी एकतत्त्व असल्याचे ठरविले. शुभवर्तमाने विश्वसनीय मानली तरच ही प्रमाणे टिकतात, असे आक्षेपकांचे म्हणणे.

चित्पावन कुळात जन्मलेले फादर नेहेम्या गोरे यांनी १८८७ मध्ये याच विषयावर इंग्रजीत पुस्तिका लिहिली. रमाबाईंनी पुढे येशूचे ईश्वरत्व स्वीकारले. तथापि बुद्धीला पटलेला धर्म आणि प्रत्यक्ष लाभलेला ख्रिस्त यांत त्यांनी १९०७ मधील आत्मनिवेदनात भेद केला. श्रद्धेचा निर्णय दुसऱ्याच्या आज्ञेने नव्हे, तर स्वतःच्या विवेकाने घ्यावा, हाच त्यांच्या पत्रांतील आग्रह होता.