लिस्बन : तीन दिवसांचे नियोजन

युरोपची सहल म्हटली, की पंधरा दिवसांत आठ-दहा देश आणि रोज पहाटे सामानाची बांधाबांध, असे चित्र डोळ्यांसमोर येते. त्याऐवजी एकच ऐतिहासिक शहर निवडून ते तीन दिवस निवांतपणे पाहणे अधिक समाधान देणारे ठरते. मात्र मुदत लहान असली, की नियोजन नेमके लागते. खर्च झालेला पैसा पुन्हा मिळवता येतो. परदेशात रांगेत वाया गेलेला दिवस परत मिळत नाही.

अशा सहलीसाठी पोर्तुगालची राजधानी लिस्बन हे उत्तम ठिकाण आहे. तेजो नदी अटलांटिक महासागराला मिळते, तेथे टेकड्यांवर हे शहर वसले आहे. महाराष्ट्र व गोव्याच्या इतिहासाशी त्याचे जवळचे नाते आहे. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत आणि गोवा १५१० पासून १९६१ पर्यंत पोर्तुगीज सत्तेखाली होते. पाव, बटाटा, चावी हे शब्द आपल्याला पोर्तुगीज भाषेनेच दिले. आणि आपल्या बँकेत नित्य कानी पडणारे ‘पगार’ व ‘लिलाव’ हे शब्दही!

तीन दिवस, तीन दिशा

लिस्बनमध्ये रोज एकच दिशा धरावी. पहिला दिवस जुन्या शहरासाठी ठेवावा. सकाळी साओ जॉर्ज किल्ल्यावरून सुरुवात करून आल्फामा या वस्तीतून उतरत यावे. वाटेत ११४७ मध्ये शहर जिंकल्यानंतर बांधावयास घेतलेले प्रधान चर्च लागते. खाली बायशा भागात येताच अरुंद, वळणावळणाच्या गल्ल्या संपून काटकोनात आखलेले सरळ रस्ते सुरू होतात. या बदलाचे कारण १ नोव्हेंबर १७५५ चा प्रलयंकारी भूकंप. त्यापाठोपाठ आलेल्या समुद्राच्या लाटांनी व आगीने शहराचा मोठा भाग नष्ट केला. पुढे पोंबालचे मार्क्विस यांच्या कारकिर्दीत बायशाची नव्याने आखणी झाली आणि इमारतींच्या भिंतींत भूकंपाचे हादरे सोसणारे लाकडी सांगाडे बसविण्यात आले. जवळच कार्मो मठाचे छत नसलेले अवशेष त्या आपत्तीची साक्ष देतात.

दुसरा दिवस बेलें या नदीकाठच्या उपनगराचा. तेथील जेरोनिमोस मठ मुख्यतः आफ्रिका व पूर्वेकडील व्यापारावरील करातून उभारला गेला. वास्को द गामाची समाधी तेथेच आहे. त्याचे निधन १५२४ मध्ये कोचीन येथे झाले व नंतर त्याचे अवशेष मायदेशी नेण्यात आले. हा मठ व जवळचा बेलें मनोरा १९८३ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. मठ सोमवारी बंद असतो, म्हणून वार पाहूनच आरक्षण करावे. डागडुजीसाठी काही वास्तू बंद आहेत का, तेही निघण्यापूर्वी पाहावे.

तिसऱ्या दिवशी रोसियु स्थानकातून आगगाडीने सुमारे ४० मिनिटांवरील सिंत्रा गाठावे. तेथील पेना राजवाड्याच्या तिकिटावर प्रवेशाची वेळ ठरलेली असते. ते आधीच काढावे.

निघण्यापूर्वीची पूर्तता

शेंगेन व्हिसासाठीचा अर्ज प्रवासापूर्वी सहा महिन्यांपासून पंधरा दिवसांपर्यंत करता येतो. अखेरच्या दिवसाची वाट पाहू नये. किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवासविमा आवश्यक असतो. परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने पारपत्राची मुदत शिल्लक असावी.

पैशांचा विचार

सर्व रक्कम रोखीत नेऊ नये. किरकोळ खर्चापुरत्या युरोंच्या नोटा, मुख्य खर्चासाठी परकीय चलनाचे प्रीपेड कार्ड आणि अडीअडचणीसाठी दुसरे कार्ड वेगळ्या ठिकाणी, अशी विभागणी सोयीची. आपल्या डेबिट वा क्रेडिट कार्डावरील परदेशी वापराची सुविधा निघण्यापूर्वी सुरू करून घ्यावी. दुकानातील यंत्राने ‘रुपये की युरो’ असे विचारल्यास युरो निवडावा. रुपयांतील रूपांतराचा दर बहुधा महाग पडतो.

प्रवासी कंपनीकडून पूर्ण सहल घेतल्यास उगमस्थानी करसंकलन होते. प्राप्तिकर विवरणपत्रात त्याचे समायोजन मिळते, परंतु तोपर्यंत रक्कम अडकते. ती अंदाजपत्रकात धरावी. प्रचलित दर शाखेत विचारून घ्यावा.

दोन लहान सूचना. उपाहारगृहात न मागता ठेवलेले पाव व ऑलिव्ह खाल्ल्यास त्यांचे पैसे लागतात. नको असल्यास नम्रपणे परत करावे. तसेच २८ क्रमांकाच्या प्रसिद्ध ट्रामच्या गर्दीत खिसेकापूंपासून सावध राहावे.

कागदपत्रे व पैसे यांची व्यवस्था घरीच लागली, की ते तीन दिवस संपूर्णपणे आपले असतात. आपला प्रवास सुखाचा होवो!