रपट्यावरचे पाणी नकाशाला कसे कळावे?

मोटारीतील दिशादर्शक यंत्राला वाहतुकीची ताजी खबर उपग्रहाकडून मिळते, असा समज सर्रास आढळतो. वस्तुतः सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरील जीपीएस उपग्रह फक्त अचूक वेळेचे आणि स्वतःच्या स्थानाचे संकेत पाठवतात, त्यांवरून यंत्र आपले ठिकाण गणिताने काढते, आणि खाली गाड्यांची रांग लागली आहे की नाही, हे उपग्रहाला ठाऊकच नसते.

युरोपात ही खबर 1990च्या दशकापासून एफएम रेडिओवरून येऊ लागली. कार्यक्रमासोबतच, पण ऐकू न येणाऱ्या 57 किलोहर्ट्झच्या उपवाहक लहरीवर, म्हणजे मुख्य प्रक्षेपणाच्या आधाराने जाणाऱ्या दुय्यम लहरीवर, घटनेचा आणि ठिकाणाचा केवळ सांकेतिक क्रमांक पाठवला जाई व यंत्र स्वतःजवळच्या कोष्टकावरून त्याचा अर्थ लावी. त्यामुळे फ्रान्समधून जाणाऱ्या जर्मन चालकालाही अपघाताची वार्ता जर्मन भाषेत मिळू शके. इतक्या थोड्या सामग्रीत इतके साधणारी ही योजना खरोखर कौतुकास्पद होती.

आज भारतात हे काम मुख्यतः प्रवाशांचेच स्मार्टफोन करतात. ते आपले स्थान आणि वेग इंटरनेटवरून कळवतात, दूरचा सर्व्हर, म्हणजे माहिती साठवणारा व हिशेब करणारा संगणक, त्या वेगाची त्या रस्त्यावरील नेहमीच्या वेगाशी तुलना करतो आणि मग नकाशावर हिरवा, नारिंगी किंवा लाल रंग उमटतो.

नागपूर जिल्ह्यातील नरखेड तालुक्यात या पद्धतीची खरी कसोटी लागते. हंगामात संत्र्याच्या गाड्या नागपूरच्या कळमना बाजाराकडे निघाल्या की फोन पुरेसे असतात आणि गर्दी नकाशावर उतरते. परंतु आडवाटेवर दोनचारच फोन असताना एखाद्या ट्रॅक्टरच्या संथ चालीवरूनही चुकीचा निष्कर्ष निघू शकतो. याहून गंभीर अडचण पावसाळ्यातली आहे. 30 जुलै 1991 रोजी जिथले मोवाड गाव वर्धा नदीच्या पुराने उद्ध्वस्त झाले, त्या या भागात नाल्यावरचा रपटा, म्हणजे ठेंगणा पूल, पाण्याखाली गेला तर वाहने तिकडे फिरकतच नाहीत, आणि मंदावलेला फोनच नसल्याने यंत्राच्या लेखी तो रस्ता मोकळाच राहू शकतो. काही ॲपमध्ये रस्ता बंद असल्याचे कळवण्याची सोय आहे. मात्र त्यासाठी पाण्याच्या काठाशी कोणाला तरी थांबावे लागते, आणि त्याच्या फोनला नेटवर्क असावे लागते.