उभ्या मोटारीचा खडखडाट

मोटार धांवत असतां जो आवाज ऐकूं येत नाहीं तो ती उभी राहतांच कां ऐकूं यावा, हें कोडें पुष्कळांना पडतें. चंद्रपूरच्या भर बाजारांत गाडी थांबते, गिअर निघतो, इंजिन नुसतें फिरत राहतें, आणि पत्र्याच्या डब्यांत खडे घालून हलवावेत तसा खडखडाट सुरू होतो. किंचित् रेस दिली कीं आवाज बंद! एखादा मालक इंजिनच गेलें असें समजून घाबरतो; दुसरा, आवाज आपोआप जातो म्हणून निश्चिंत राहतो. दोघेही चुकतात, आणि दुसऱ्याची चूक अधिक महाग पडण्याचा संभव असतो.

चार सिलिंडरांचें साधें इंजिन उभ्या गाडींत मिनिटाला सुमारें ८०० फेरे घेतें. प्रत्येक फेऱ्यांत दोन सिलिंडरांत इंधन पेटतें. म्हणजे सेकंदाला २६-२७ धक्के सबंध गाडीला बसत असतात. आतां प्रत्येक वस्तूची कंपनाची आपली एक ठराविक गति असते. झोपाळ्याला त्याच्या तालावर हलके धक्के दिले तरी तो उंच जातो, आडवेळीं दिले तर जात नाहीं. गाडीखालचा एखादा पत्रा सैल झाला आणि त्याची गति या धक्क्यांशीं, अथवा त्यांच्या पटीशीं जुळली, कीं तो थडथडूं लागतो. रेस देतांच धक्क्यांचा ताल बदलतो व पत्रा गप्प होतो. म्हणून रेस दिल्यावर नाहींसा होणारा आवाज बहुधा इंजिनाच्या बाहेरचा, सैल भागाचा असतो. उलट, रेसबरोबर वाढत जाणारा जड ठोका पोटांतून येऊं लागला, किंवा तेलाचा लाल दिवा पेटला, तर तेथल्या तेथें इंजिन बंद करावें. १९८२ सालीं चंद्रपुरांतून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यांत मुख्य गांवाहून सिरोंच्यास जावयाचें तर सुमारें २०० किलोमीटरांची, पुष्कळशी जंगलांतली वाट आहे. तेथें हा भेद ओळखतां येणें फार मोलाचें ठरतें.

परीक्षा मोकळ्या जागेंत करावी. बंद खोलींत मोटारीचा धूर प्राणघातक आहे. प्रथम क्लच पूर्ण दाबून पाहावा. तेवढ्यानें आवाज थांबला तर दोष गिअरपेटीकडे आहे. थंड हवेचें यंत्र बंद करतांच थांबला तर त्याच्या काँप्रेसरकडे पाहावें. सबंध गाडीच थरथरत असेल तर इंजिनाखालचे रबर वठले असण्याचा संभव आहे. बॉनेट उघडून लांब पेचकसाचें टोक एकेका भागावर टेकवावें व मूठ कानाशीं धरावी. डॉक्टरच्या नळीप्रमाणें आवाजाचें ठिकाण कळतें. मात्र पंखा आणि पट्टे यांच्याजवळ सदऱ्याची सैल बाही किंवा साडीचा पदर जाऊं देऊं नये.

इतकें करूनही कांहीं सांपडलें नाहीं तर सायलेन्सरच्या नळीवरील उष्णता अडविणारा पातळ पत्रा पाहावा. खडखडाटाचा गुन्हेगार पुष्कळदां तोच असतो. चिखल, गंज, रस्त्यावरचे दगड यांनीं त्याच्या बोल्टांभोवतीं भोकें मोठीं होतात. कधीं बांबूची काडी किंवा खडा आंत अडकतो. गाडी पूर्ण निवल्यावर त्यावर टिचकी मारली कीं तोच ओळखीचा आवाज येतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं मात्र कोणीं शिरूं नये.

येथेंच एक वाईट चाल आढळते. पत्रा वाजतो ना, मग काढून फेंका! आवाज जातो, मालक खूष होतो, आणि मिस्त्रीचेंही काम पांच मिनिटांत आटोपतें. पण तो पत्रा शोभेचा नव्हे. १९९५ सालीं दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथें नव्या पेट्रोल गाड्यांना धूर शुद्ध करणारी पेटी सक्तीची झाली, आणि पुढें ती सर्वत्र पसरली. ही पेटी चालतांना कित्येक शें अंश तापते. वाळलेला पाला साधारणतः ३०० अंशांच्या आसपास पेट घेऊं शकतो. ताडोबाच्या आसपासचें सागाचें व बांबूचें रान एप्रिल-मे महिन्यांत पाचोळ्यानें भरलेलें असतें. मोहाचीं फुलें वेंचण्यासाठीं झाडाखालचा पाला जाळण्याची रीत आहे, तिच्यांतूनही वणवे लागतात. अशा रानांत, कडेच्या सुक्या गवतावर, पत्रा नसलेली तापलेली मोटार उभी करणें म्हणजे वणव्याला आणखी एक वाट मोकळी करून देणें होय. पत्रा असला तरी गाडी उघड्या मातीवरच उभी करावी, हें वेगळें सांगावयास नको.

दुरुस्ती कांहीं अवघड नाहीं. आंतली काडी काढावी, बोल्ट आवळावा. भोंक मोठें झालें असेल तर खालीं रुंद वॉशर घालावा. पत्र्याचा कानच तुटला असेल तर न गंजणाऱ्या पोलादाची पट्टीची क्लॅम्प पत्र्यासकट नळीभोवतीं आवळतात. प्लास्टिकची दोरी किंवा रबर तेथें वितळून जाईल. पत्रा घट्ट असूनही पेटीवर मूठ आपटतांच आंत खापऱ्या हलल्यासारखें वाजलें, तर आंतील जाळी फुटली आहे असें समजावें. तेव्हां पेटी बदलण्यावांचून गत्यंतर नाहीं.

आवळलेला बोल्ट पहिल्या ऐंशीं-शंभर किलोमीटरांनंतर, इंजिन निवल्यावर, पुन्हां एकदां पाहावा. तापण्या-निवण्यानें पत्रा आपल्या जागीं थोडा बसतो आणि पहिली पकड तेवढी ढिली होते.