स्पष्टवक्ता की फटकळ?

‘आउटस्पोकन’ला मराठीत काय म्हणायचं, यावर आमचा पाऊण तास गेला.

‘स्पष्टवक्ता’ लिहिलं तर झाडून सगळे त्यावर खूण करणार. ‘फटकळ’ लिहिलं तर एकही जण करणार नाही. माणूस तोच, समोर असला की स्पष्टवक्ता, पाठ फिरली की फटकळ. औषधं पुरवणाऱ्या एका कंपनीच्या बावीस जणांसाठी मुंबईत देवनारला शनिवारी ‘स्वभावशैली’ची कार्यशाळा होती. प्रश्नावली इंग्रजीतून आलेली. गोदामातल्या आणि डिलिव्हरीच्या मंडळींना ती अक्षरं लावून वाचता आली असती, पण शब्दांची छटा हाती लागली नसती. म्हणून आदल्या संध्याकाळी मी आणि प्रशिक्षक बाई चहाचे कप बाजूला सारून तिचं मराठी करत बसलो होतो.

प्रश्नावली तशी साधी. चार-चार शब्दांचे चौकोन. प्रत्येक चौकोनातून आपल्याला सर्वांत लागू पडणारा एक शब्द निवडायचा आणि अजिबात न पटणारा एक. पण मराठीत स्वभावाचा शब्द तराजूत सरळ बसतच नाही. काटेकोर म्हटलं की शेजारी किरकिऱ्या उभा. निश्चयीच्या मागे हट्टी. ‘स्टेडी’ला शांत म्हणावं तर ठीक, पण ऑफिसात शांत माणसाला मागे ‘थंड’ म्हणतात आणि थंड म्हणजे ढिम्म. शेवटी शब्द टाकून दिले आणि कृती लिहिली: ‘एखादी गोष्ट पटली नाही तर तिथेच सांगतो.’ तेवढ्यात बाई म्हणाल्या, “सांगतो? आणि बिलिंगमधल्या पाच जणी?” मराठी क्रियापद बाई की बुवा हे आधी विचारतं. मग झालं ‘तिथेच सांगून टाकणं’. असे दोन डझनांवर चौकोन. रात्रीचे साडेदहा वाजले.

निवडलेल्या शब्दांवरून ही प्रश्नावली माणसांचे चार प्रकार करते. या चार प्रकारांचं मूळ विल्यम मार्स्टन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या 1928च्या पुस्तकात आहे. त्याने स्वतः प्रश्नावली केली नाही, ती नंतर इतरांनी बेतली. त्याने पुढे केली ती कॉमिक्समधली वंडर वुमन, 1941 साली; तिच्या दोरीत अडकलेल्याला खरं बोलावंच लागतं. ऑफिसांना खरं तर ती दोरीच हवी असावी. दुसरी प्रसिद्ध चाचणी, सोळा प्रकारांची, मानसशास्त्रज्ञ युंगच्या 1921च्या पुस्तकावरून एका आईने आणि तिच्या मुलीने तयार केली. आपल्याकडेही माणसांच्या याद्या करायची हौस जुनीच. दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्ख, पढतमूर्ख, सत्त्व, रज, तम असे स्वतंत्र समास आहेत. मॅनेजर लोकांना आधी पढतमूर्खाचा समास वाचायला द्यावा, हे माझं खासगी मत.

हॉल टाटा सामाजिक विज्ञान संस्थेपासून जवळच होता आणि बाई तिथेच शिकलेल्या. ही संस्था 1936 साली नागपाड्यात सुरू झाली, 1954मध्ये देवनारला आली. कारखान्यांचे कामगार कल्याण अधिकारी घडवणारी म्हणून तिचं नाव. 1948च्या कारखाना कायद्याने पाचशे किंवा त्याहून जास्त कामगार असतील तिथे असा अधिकारी नेमणं सक्तीचं केलं. “आम्हाला आधी कँटीन, पाळणाघर आणि पाळ्या बघायला शिकवलं,” बाई म्हणाल्या. “स्वभाव सगळ्यात शेवटी.”

सकाळी त्यांनी पहिलं काम केलं ते आपल्याच दुकानाला सुरुंग लावायचं. छोटी चाचणी घेतली, चहानंतर प्रत्येकाला बंद पाकिटात त्याचं ‘स्वभावचित्र’ दिलं आणि पाचपैकी गुण द्यायला सांगितले. बहुतेकांनी चार किंवा पाच दिले. मग एकाला मोठ्याने वाचायला लावलं. दुसऱ्याच वाक्याला शेजारच्याने आपला कागद उलगडला. बावीस पाकिटांत एकच मजकूर! मानसशास्त्रज्ञ बर्ट्राम फोररने 1948 साली आपल्या 39 विद्यार्थ्यांवर हाच प्रयोग केला होता, भविष्याच्या पुस्तकातली वाक्यं घेऊन. सरासरी गुण मिळाले 4.26. गोदामाचे दादा खुर्चीतूनच म्हणाले, “म्हणजे पोपटवाल्यासारखंच की!”

“तसंच,” बाई म्हणाल्या. “हा थर्मामीटर नाही. बोलायला निमित्त आहे. आता खरा कागद भरा.”

दुपारी चार कोपऱ्यांत चार प्रकारांचे चार रंग लागले आणि ज्याने त्याने आपापला कोपरा धरला. झटपट निर्णय घेणाऱ्यांच्या कोपऱ्यात सगळे केबिनवाले. सांभाळून घेणाऱ्यांच्या कोपऱ्यात पॅकिंगवाले आणि टेम्पोचालक. इतकी नीटस वाटणी बघून मला शंका आली. बाईंनाही आली असावी, कारण त्यांनी पॅकिंगमधल्या एका पोरगेल्या मुलाला विचारलं, “घरी, चाळीत, कोणाचं चालतं?” तो लाजत म्हणाला, “गणपतीचा खजिनदार मी आहे मॅडम. तिकडे माझंच चालतं. वर्गणी बुडवून दाखवा कोणी.”

पॅकिंगच्या टेबलावर त्याचा स्वभाव शांत नाही, हुद्दा शांत आहे. उलट बोलला तर काय होईल, हे त्याला ठाऊक आहे. प्रश्नावली ते विचारत नाही. केबिनमधल्या माणसाला झटपट निर्णय घेता येतात, कारण चुकले तरी निस्तरायला बाहेर कोणीतरी असतं. रंगाच्या कागदावर हे सगळं ‘स्वभाव’ म्हणून छापून येतं. या चाचण्यांवरचा माझा सगळ्यात मोठा आक्षेप हाच.

तरीही मी त्यांना निकालात काढत नाही, ते साडेतीनला जे झालं त्यामुळे. बिलिंगच्या ताई आणि गोदामाचे दादा यांचं वर्षभर वाकडं होतं. ताई काटेकोर, दादा धडाक्याचे; स्वभाव जुळत नाहीत, असा ऑफिसचा निवाडा. त्यांना समोरासमोर बसवून एकच प्रश्न दिला गेला: मला कसं सांगितलेलं कळतं?

“लिहून,” ताई म्हणाल्या. “औषधाच्या बिलावर बॅच नंबर, एक्स्पायरी सगळं जावं लागतं. तुम्ही व्हॉइस मेसेज टाकता. मागे टेम्पो लागलेला, त्यात बी म्हणालात की डी, कसं कळायचं? चुकलं की बिल माझ्या नावावर.”

“अहो ताई, दोन्ही हातांत खोकी असतात. टाइप कधी करू? अंगठ्याने बटण दाबता येतं तेवढंच.”

ताई जरा थांबल्या. “मला खोकी दिसत नाहीत ना दादा. फक्त तुमचा आवाज येतो, तोही खेकसल्यासारखा.”

“खेकसत नाही हो, तिथे ऐकूच येत नाही काही.”

मग दादाच म्हणाले, खोकं खाली ठेवताना लेबलचा फोटो काढून पाठवला तर? ताईंनी तिथल्या तिथे फोन पुढे करून पाण्याच्या बाटलीच्या लेबलचा फोटो काढून बघितला. बारीक अक्षरं वाचता येत होती. भांडण मिटलं असं नव्हे, पण वर्षभराच्या ‘स्वभावा’तला निम्मा भाग टेम्पोचा आवाज आणि अडकलेले हात निघाला. कागदाने सांगितलं असतं, दादांनी धीर धरावा, ताईंनी लवचीक व्हावं. फोटोचं कागदाला सुचलं नसतं. पण कागद नसता तर दोघं समोरासमोर बसलेही नसते.

निघताना केबिनमधल्या एका साहेबांनी हळूच विचारलं, हे निकाल फायलीला लावता येतील का, बढतीच्या वेळी उपयोगी पडतील. बाईंनी नाही म्हणून सांगितलं. सोळा प्रकारांची चाचणी विकणारी कंपनीसुद्धा नोकरीला माणूस निवडताना ती वापरू नका, असं बजावते. बाईंनी बावीस कागद ज्याचे त्याच्या हातात दिले. खजिनदाराने आपल्या कागदाची चौकोनी घडी करून खिशात ठेवली.

तुमच्या ऑफिसात असा फॉर्म आला तर जरूर भरा. फक्त भरण्याआधी दोन गोष्टी विचारा: हा मराठीत मिळेल का, आणि भरून झाल्यावर कोणाच्या कपाटात जाणार?